समुद्रकाठच्या सायकलीसाठी बोल्ट: टायटॅनियम घ्यावेत की पोलादी?

भाट्येकर

नमस्कार. मी रत्नागिरीत राहतो. माझ्याकडे ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचे चाक धरणारा भाग) आणि डिस्क ब्रेक असलेली रोड सायकल आहे. सकाळच्या फेऱ्या बहुतेक वेळा आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्यापर्यंत होतात आणि हिवाळ्यात २०० व ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्यांमध्ये, भाग घेतो. त्यामुळे सायकलीला वर्षातले बहुतेक महिने खारा वारा लागतो, आणि जून ते सप्टेंबर त्यात पावसाची भर पडते.

स्टेमचे, म्हणजे हँडलबार फोर्कला जोडणाऱ्या भागाचे, सहाही बोल्ट काळ्या रंगाचे पोलादी होते. हँडलबार धरणाऱ्या चार बोल्टांच्या डोक्यांतील षट्कोनी खाचा आता तांबूस झाल्या आहेत आणि ॲलन की आत घातली की बोटाला गंजाची भुकटी लागते. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट स्टेनलेसचे आहेत, ते वरून स्वच्छ दिसतात. परंतु त्यांतील एक बोल्ट मागच्या आठवड्यात फिरवला असता बोल्ट आणि फ्रेममध्ये बसवलेला रिव्हनट (छिद्रात दाबून बसवलेली आट्यांची नळी) असे दोन्ही एकत्र फिरू लागले आणि कडेने पांढरी पूड बाहेर आली.

शहरातील एका दुकानदाराने संपूर्ण सायकलीचे बोल्ट टायटॅनियमचे बसवावेत असे सुचवले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे टायटॅनियम गंजत नाही, पोलादापेक्षा मजबूत असते आणि वजनही कमी होते. खर्च बराच आहे, पण एकदाच करायचा असेल तर तो करण्याची माझी तयारी आहे. माझी शंका अशी की हे तीनही दावे एकाच वेळी खरे आहेत का, आणि विशेषतः स्टेम व ब्रेक यांसारख्या ठिकाणी, जिथे बोल्ट तुटला तर माणूस थेट रस्त्यावर पडतो, तिथे टायटॅनियमवर विसंबावे का? ज्यांनी किनारपट्टीवर सायकल दीर्घकाळ वापरली आहे किंवा ज्यांचा या धातूंशी रोजचा संबंध आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नटबोल्ट भोसरी

भाट्येकर, बोल्ट तयार करणे आणि तपासणे हेच माझे काम असल्यामुळे आपल्या प्रश्नातील मजबुतीच्या भागाविषयी जरा विस्ताराने लिहितो.

"टायटॅनियम पोलादापेक्षा मजबूत" हे विधान जसेच्या तसे चूकही नाही आणि बरोबरही नाही, कारण पोलाद एक नाही आणि टायटॅनियमही एक नाही. पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा कोरलेला असतो. त्यातील पहिल्या आकड्याला १०० ने गुणले की तो बोल्ट किती मेगापास्कल (चौरस मिलिमीटरमागे न्यूटन) ताणाला तुटेल ते समजते, आणि दोन्ही आकड्यांचा गुणाकार करून त्याला १० ने गुणले की बोल्ट कायमचा लांबू लागण्याचा ताण मिळतो. म्हणजे ८.८ साठी ६४०, १०.९ साठी ९०० आणि १२.९ साठी १०८० मेगापास्कल. स्टेनलेसवर ए२-७० असे लिहिलेले असते. त्याची तुटण्याची मर्यादा ७०० असली तरी कायमचे लांबणे ४५० लाच सुरू होते. चांगल्या सायकल बोल्टांत वापरले जाणारे टायटॅनियम ग्रेड ५ हे असते, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला मिश्रधातू. त्याची ही मर्यादा सुमारे ८३० आहे. ग्रेड २ हे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम असते आणि त्याची मर्यादा २७५ च्या आसपास येते.

आता हे आकडे आपल्या स्टेमला लावून पाहू. एम५ (५ मिलिमीटर व्यासाचा) बोल्ट कोरड्या आट्यांवर ५ न्यूटन-मीटर इतक्या पिळाने (टॉर्कने) आवळला, तर त्यात सुमारे ५००० न्यूटनचा, म्हणजे साधारण ५०० किलोच्या भाराइतका ताण निर्माण होतो. एम५ च्या आट्यांचे परिणामी क्षेत्रफळ १४.२ चौरस मिलिमीटर असल्यामुळे धातूवर जवळपास ३५० मेगापास्कलचा ताण येतो. आट्यांना ग्रीस लावले की घर्षण कमी होते आणि त्याच ५ न्यूटन-मीटरमध्ये ताण ४७० पर्यंत जाऊ शकतो. यावरून दोन गोष्टी उघड होतात. ग्रेड २ चा बोल्ट स्टेममध्ये बसवताक्षणीच कायमचा लांबू लागेल, मग वेष्टनावर "टायटॅनियम" असे कितीही ठळक लिहिलेले असो. आणि दुसरे म्हणजे, हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ए२-७० स्टेनलेस बोल्ट, जो गंजत नाही म्हणून अनेक जण स्टेमला लावतात, तो ग्रीस लावून पूर्ण आवळल्यास आपल्या मर्यादेपर्यंत पोहोचलेला असतो. या दोन्हींच्या तुलनेत ग्रेड ५ चा बोल्ट निर्धास्तपणे चालतो. १२.९ च्या पोलादापेक्षा तो कमी मजबूत आहे हे खरे, परंतु एम५ च्या स्टेमला १२.९ एवढी ताकद क्वचितच लागते. तिथे ॲल्युमिनियमचे आटे बोल्टच्या आधी जातात.

टायटॅनियमविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो की ते "लवचीक" आहे. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक २०५ गिगापास्कलच्या आसपास असतो आणि ग्रेड ५ चा ११४, त्यामुळे सारख्याच ताणाखाली टायटॅनियमचा बोल्ट जवळपास पावणेदोन पट लांबतो, हे खरे आहे. परंतु बोल्टच्या बाबतीत हा दोष नाही. बोल्ट म्हणजे खेचून ठेवलेली कडक स्प्रिंगच असते. ती जितकी जास्त लांबलेली असेल, तितका धक्क्यांनी किंवा रंग दबल्याने झालेला सूक्ष्म सैलपणा ती सामावून घेते. म्हणून हा गुणधर्म चिंतेचा नाही. चिंता करावी ती आट्यांच्या मुळाशी आणि डोक्याखालच्या कोपऱ्यात, कारण वारंवार बदलणाऱ्या भाराखाली टायटॅनियम तीक्ष्ण खाचांना अधिक संवेदनशील असते. आटे लेथवर कापलेले असतील तर त्यांच्या मुळाशी सूक्ष्म ओरखडे राहतात आणि तडा तिथून सुरू होतो. आटे दाबून, म्हणजे रोल करून बनवले असतील तर तिथला पृष्ठभाग गुळगुळीत आणि दाबलेला राहतो. भिंगातून पाहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि माझ्या मते विकत घेताना हा फरक पाहणे रंग किंवा नक्षीकाम पाहण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

वजनाबद्दल थोडक्यात सांगतो. पोलादाची घनता ७.८५ आणि ग्रेड ५ ची ४.४३ आहे. एम५ चा १६ मिलिमीटर लांबीचा पोलादी बोल्ट सुमारे ४ ग्रॅमचा असतो, म्हणजे बदलल्यावर बोल्टमागे दोन ग्रॅमहून कमीच वाचतात. संपूर्ण सायकलीत मोठी हिंमत करून ५०-६० ग्रॅम. ब्रेव्हेला निघताना आपण बाटलीत अर्धा लिटर पाणी भरतो तेव्हा ५०० ग्रॅम वाढवतो, त्यामुळे वजनासाठी हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शर्यतीतील सायकलींसाठी यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची किमान मर्यादा २००० सालापासून ६.८ किलो आहे आणि तिथे प्रत्येक ग्रॅमला वेगळे महत्त्व असते. आपल्या वापराशी त्याचा संबंध नाही.

मांडवीतीर

नटबोल्ट भोसरी यांनी मजबुतीबद्दल लिहिले ते पूर्णपणे मान्य आहे. मी पणजीजवळ सायकल दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या सायकलींमध्ये तुटलेले बोल्ट फार थोडे असतात. अडकून बसलेले बोल्ट मात्र रोज असतात. त्यामुळे समुद्रकाठी राहणाऱ्याने प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा असे मला वाटते: बोल्ट गंजेल का, यापेक्षा तो पुढच्या वर्षी सुटेल का?

आपल्या बाटलीच्या पिंजऱ्यापाशी बाहेर आलेली पांढरी पूड हे बोल्टचे नव्हे, तर ॲल्युमिनियमचे क्षरण आहे. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारे पाणी असले की त्यांच्यात विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि दोहोंपैकी जो अधिक क्रियाशील असतो तो झिजतो. समुद्राच्या पाण्यातील क्रमात जस्त आणि ॲल्युमिनियम एका टोकाला, साधे पोलाद मध्ये, आणि स्टेनलेस व टायटॅनियम दुसऱ्या टोकाला येतात. याचा अर्थ असा की टायटॅनियमचा बोल्ट स्वतः वर्षानुवर्षे नवा राहील, परंतु ज्या ॲल्युमिनियमच्या आट्यांत तो बसला आहे त्यांना तो स्टेनलेसइतकाच, किंबहुना थोडा अधिकच त्रास देईल. बोल्ट फ्रेमच्या मानाने अगदी लहान असल्यामुळे एकूण झीज मोठी होत नाही, मात्र जी होते ती नेमकी आट्यांच्या फटीत होते, आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने बोल्ट आत घट्ट आवळला जातो. म्हणून "टायटॅनियम लावा आणि विसरून जा" हा सल्ला किनाऱ्यावर तरी चुकीचा आहे, आणि मी तो कोणालाही देत नाही.

यावरचा खरा उपाय म्हणजे आट्यांवरची पेस्ट. अँटी-सीझ नावाने मिळणारी, निकेलचे किंवा तांब्याचे बारीक कण असलेली पेस्ट आट्यांना सर्व बाजूंनी आणि बोल्टच्या डोक्याखाली पातळ लावावी. ती पाणी आत शिरू देत नाही. साधे ग्रीसही चालते, परंतु पावसाळ्यात ते लवकर धुऊन जाते, म्हणून ते वर्षातून दोनदा तरी पुन्हा लावावे लागते. एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, असा माझा गिऱ्हाइकांना आग्रह असतो. टायटॅनियमचा बोल्ट जर टायटॅनियमच्याच फ्रेममध्ये किंवा नटमध्ये जाणार असेल, तर पेस्टशिवाय तो एकदाही फिरवू नये. त्या दोन पृष्ठभागांवरचा ऑक्साइडचा थर घासला गेला की धातू एकमेकांना अक्षरशः चिकटतात आणि मग बोल्ट कापूनच काढावा लागतो. स्टेनलेस-स्टेनलेसच्या जोडीतही हेच होते.

अडकलेल्या बोल्टच्या बाबतीत पोलादाच्या बाजूने एक मुद्दा नोंदवून ठेवतो. पोलादी बोल्ट आत तुटला तर तो ड्रिलने कोरून काढणे बऱ्यापैकी शक्य असते. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे ड्रिलचे टोक तापून बोथट होते आणि बोल्ट आणखी कठीण होत जातो. फोर्कसारख्या महागड्या भागात असा बोल्ट तुटला की काम फार नाजूक होऊन बसते.

खोट्या मालाविषयीही सावध राहावे. इंद्रधनुषी रंगाचे स्टेनलेस बोल्ट टायटॅनियम म्हणून विकले जातात. टायटॅनियमवरचा रंग हा ऑक्साइडच्या थराच्या जाडीमुळे दिसतो, परंतु तसाच रंग इतर धातूंवरही लेपाने आणता येतो, त्यामुळे रंग हा पुरावा नाही. लोहचुंबकाने फक्त पोलाद ओळखता येते. ए२ स्टेनलेसही चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. खात्रीची कसोटी वजनाची आहे. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर त्याच मापाचा स्टेनलेस बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी शेजारी तोलून पाहावा. नवा बोल्ट निम्म्याहून थोडा जास्त भरला तर तो टायटॅनियम आहे. एखादा बोल्ट वाया घालवण्याची तयारी असेल तर तो ग्राइंडरला लावावा. टायटॅनियमच्या ठिणग्या डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्याशुभ्र असतात, तर स्टेनलेसच्या तांबूस-पिवळ्या आणि तुरळक. यातून ग्रेड ५ आणि ग्रेड २ यांतील फरक मात्र कळत नाही, त्यासाठी विक्रेत्याकडून ग्रेड लिहून घ्यावा.

ओंटारिओवासी

मी मूळचा अलिबागचा, सध्या टोरांटोत आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात आणि वर्षभर सायकलने कामावर जाणाऱ्यांना आपल्यासारखाच त्रास होतो, किंबहुना मिठाचे प्रमाण इथे अधिक असते. वर लिहिलेल्या बहुतेक गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु स्टेनलेस सरसकट बाद करू नये असे सुचवतो.

ए२ च्या वर ए४ नावाचा प्रकार असतो. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे मिठाला तो अधिक चांगला टिकतो आणि बोटींवर तोच वापरतात. ए४-८० असे कोरलेला बोल्ट मिळाला तर त्याची तुटण्याची मर्यादा ८०० आणि कायमचे लांबू लागण्याची ६०० मेगापास्कल असते. नटबोल्ट भोसरी यांच्या हिशेबानुसार ग्रीस लावूनही स्टेमवर ४७० चा ताण येतो, म्हणजे तो पुरेसा ठरतो. किंमत टायटॅनियमच्या मानाने नगण्य आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर चौकशी केल्यास ए४ मिळायला अडचण पडू नये.

फक्त डोक्याचा आकार पाहून घ्यावा. स्टेमला उंच दंडगोल डोक्याचे बोल्ट हवेत, ज्यांना एम५ मध्ये ४ मिलिमीटरची ॲलन की लागते. गोलसर, बसक्या डोक्याचे बोल्ट सुंदर दिसतात, पण त्यांना ३ मिलिमीटरची की लागते, खाच उथळ असते, ती लवकर गोल होते आणि डोके स्वतःही कमी भार घेते. ते बाटलीच्या पिंजऱ्यासाठी ठीक आहेत.

भाट्येकर

तिघांचेही मनापासून आभार. माझ्या डोक्यात हा प्रश्न दोन धातूंमधील निवडीचा होता. आता तो जागेनुसार पाहायला हवा हे समजले.

त्यावरून आणखी काही शंका. स्टेमवर "कमाल ५ न्यूटन-मीटर" असे लिहिले आहे. पेस्ट लावल्यावर तोच आकडा धरावा की कमी करावा? ब्रेकचे कॅलिपर (चकती दाबणारा भाग) आणि रोटर (चाकावरची चकती) यांच्या बोल्टांचे काय करावे? आणि फिरणारा रिव्हनट फ्रेमला धक्का न लावता कसा काढावा? टॉर्क रेंच (ठरवलेल्या टॉर्कने आवळण्याचा पाना) माझ्याकडे आहे, २ ते १५ न्यूटन-मीटरचा.

जाता जाता, आमच्याकडे काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असते आणि ते टायटॅनियमचेच खनिज आहे, असे लहानपणापासून ऐकत आलो आहे. खनिज दाराशी असूनही धातू एवढा महाग का, हेही कोणी सांगितल्यास आवडेल.

नटबोल्ट भोसरी

आधी वाळूविषयी. आपण ऐकले ते खरे आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत इल्मेनाइट आहे. टायटॅनियम दुर्मीळ नाही, ते ऑक्सिजनपासून वेगळे करणे अवघड आहे. खनिजापासून आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड बनवावे लागते आणि मग बंद भांड्यात, हवा पूर्ण काढून, वितळलेल्या मॅग्नेशियमबरोबर त्याची प्रक्रिया करावी लागते. त्यातून धातू सच्छिद्र गोळ्याच्या रूपात मिळतो, त्याला स्पंज म्हणतात. हा स्पंज पुन्हा निर्वातात वितळवावा लागतो. या पद्धतीला क्रोल प्रक्रिया म्हणतात. भारतात असा स्पंज केरळमध्ये चवरा येथे तयार होतो. पुढे त्याचे बोल्ट करताना हत्यारे लवकर झिजतात, ही किंमत वेगळी.

आता टॉर्क. स्टेमवरचा आकडा "कमाल" असतो, गाठायचे लक्ष्य नव्हे. निर्मात्याने ग्रीस लावून आवळण्यास सांगितले असेल, तर तो आकडा ग्रीस गृहीत धरूनच दिलेला असतो आणि त्याच्या आत राहिले की झाले. तसा उल्लेख नसेल, तर पेस्ट लावल्यावर मी ४ ते ४.५ वर थांबतो आणि हँडलबार जोर लावून फिरतो का ते पाहतो. फिरत नसेल तर अधिक आवळण्यात काहीही लाभ नाही. चारही बोल्ट एकदम न आवळता तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि झाकणाच्या वरची व खालची फट सारखी राहते आहे याकडे लक्ष द्यावे. स्टेमचे बोल्ट अकाली तुटण्यामागे धातूपेक्षा ही असमान फट अधिक वेळा असते, कारण त्यामुळे बोल्ट वाकलेल्या स्थितीत ताणला जातो. फोर्कची नळी धरणाऱ्या मागच्या दोन बोल्टांबाबत अधिकच जपावे, कारण आत कार्बन आहे आणि जास्त आवळल्यास ती चिरडते.

कॅलिपरचे बोल्ट टायटॅनियमचे करता येतात, परंतु आपल्या सायकलीला फ्लॅट माउंट (कॅलिपर थेट फ्रेमवर सपाट बसवण्याची रचना) असेल तर मागचे बोल्ट फ्रेमच्या खालून येऊन कॅलिपरमध्ये जातात आणि त्यांची लांबी त्या जागेच्या जाडीवर ठरते. दोन मिलिमीटर आखूड बोल्ट बसवला तर वरून काहीच वेगळे दिसत नाही, आणि आत मात्र मोजकेच आटे धरलेले असतात. ॲल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट लांबी आट्यांत गेलीच पाहिजे, म्हणजे एम५ साठी ७.५ मिलिमीटर. जुना बोल्ट काढून व्हर्नियरने मोजावा आणि तेवढाच घ्यावा. रोटरचे बोल्ट मात्र बदलू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. ते टी२५ (ताऱ्याच्या आकाराच्या) खाचेचे, आट्यांवर लॉक करणारा लेप लावलेले, निर्मात्याने त्याच कामासाठी दिलेले असतात. ब्रेक बनवणारी शिमानो कंपनी त्यांना २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते. त्या जागी पेस्टही लावू नये, कारण ती तापून पातळ झाली आणि रोटरवर उतरली तर ब्रेक जातील.

मी आपल्या जागी असतो तर स्टेमचे सहा बोल्ट खात्रीच्या विक्रेत्याकडून ग्रेड ५ चे, रोल केलेल्या आट्यांचे घेतले असते. घामाचे थेंब नेमके तिथेच पडतात, खाच गंजून गोल झाली तर रस्त्यात बोल्ट सोडवता येत नाही, आणि ब्रेव्हेच्या मध्यरात्री ती अडचण परवडणारी नाही. ते न मिळाल्यास ओंटारिओवासी यांचा ए४-८० चा सल्ला उत्तम आहे. बाटलीच्या पिंजऱ्याला साधा ए४, पेस्टसह. काळे १२.९ चे बोल्ट किनाऱ्यावर नकोत; त्यांच्यावर गंजाविरुद्ध तेलकट काळ्या थरापलीकडे सहसा काही नसते, आणि इतक्या कठीण पोलादावर घरगुती पातळीवर झिंक प्लेटिंग करून घेतले तर त्यात हायड्रोजन शिरून बोल्ट ठिसूळ होण्याचा धोका असतो.

मांडवीतीर

रिव्हनटचे मी सांगतो. बोल्टच्या डोक्याभोवती आणि पिंजऱ्यामधून फटींत झिरपणारे तेल सोडून एक रात्र ठेवावे. दुसऱ्या दिवशी रिव्हनटची फ्रेमबाहेर दिसणारी पातळ कड बारीक पकडीने घट्ट धरून बोल्ट हळूहळू मागेपुढे करून पाहावा. निम्म्या वेळा एवढ्याने काम होते. नाही झाले, तर बोल्टचे डोके ड्रिलने उडवून पिंजरा काढून घ्यावा, मग रिव्हनटची कड तेवढी कोरून काढावी आणि उरलेला तुकडा आत ढकलावा. तो फ्रेममध्ये खाली पडतो आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलांच्या आसाची बेअरिंग) उघडल्यावर बाहेर काढता येतो. ड्रिल करताना टोक फ्रेमच्या रंगावर घसरू नये म्हणून भोवती जाड चिकटपट्टी लावावी, आणि छिद्र कोणत्याही परिस्थितीत मोठे करू नये. एम५ च्या रिव्हनटसाठी ते साधारण ७ मिलिमीटरचे असते.

नवा रिव्हनट ॲल्युमिनियमचाच घ्यावा. दुकानदार स्टेनलेसचा रिव्हनट अधिक टिकाऊ म्हणून देऊ करतील, परंतु तो घेतला तर आता जे क्षरण बोल्ट आणि रिव्हनट यांच्यात होत आहे ते उद्या रिव्हनट आणि फ्रेम यांच्यात होईल, आणि रिव्हनट बदलता येतो, फ्रेम नाही. बसवण्यापूर्वी छिद्राच्या कडेलाही पेस्टचे बोट फिरवावे. पिंजऱ्याच्या बोल्टांना २ ते ३ न्यूटन-मीटर पुरेसे होतात, आणि आपला टॉर्क रेंच २ पासून सुरू होत असला तरी मापाच्या अगदी खालच्या टोकाला तो फारसा अचूक नसतो, म्हणून तिथे ३ वर ठेवून आवळावे.

नवे बोल्ट बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा एकदा रेंचने तपासावेत, आणि आरे-वारेहून परतल्यावर सायकलीवर गोडे पाणी ओतून ती सावलीत पुसून ठेवावी. पाण्याचा जोरदार फवारा मात्र नको, त्याने मीठ बेअरिंगपर्यंत पोहोचते.